बेलग्रेडचं झेप्टर म्युझियम नीट बघायचं असेल तर

बेलग्रेडला जाणारे बहुतेक लोक क्नेझ मिहाइलोवा ह्या रस्त्यावरून दिवसातून दोनचारदा तरी चालतात, एका टोकाला तेराझिये चौक, दुसऱ्या टोकाला कालेमेग्दानचा किल्ला, मधे साधारण एक किलोमीटरचा फक्त पायी चालायचा रस्ता, दुकानं, कॅफे, वाद्यं वाजवणारी माणसं, आणि ह्याच रस्त्यावर ४२ नंबरला एक म्युझियम आहे जे बरेच जण न बघताच पुढे किल्ल्याकडे जातात. झेप्टर म्युझियम. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या अर्ध्यापासून आत्तापर्यंतची सर्बियन चित्रकला आणि शिल्पकला एका ठिकाणी बघायची असेल तर मी सगळ्यांना आधी इथंच पाठवते, आणि पाठवताना जे तोंडी सांगत असते तेच सगळं इथं लिहून ठेवतेय.

आधी हे म्युझियम आहे कोणाचं ते. २०१० साली ते सुरू झालं, सर्बियातलं पहिलं खाजगी म्युझियम म्हणून ते ओळखलं जातं, आणि ते उभं केलं मादलेना झेप्टर ह्या बाईंनी. झेप्टर म्हणजे स्टीलच्या भांड्यांची जी कंपनी आहे तेच घराणं. ह्याच बाईंनी बेलग्रेडच्या झेमून भागात मादलेनिआनुम नावाचं ऑपेरा आणि नाट्यगृहसुद्धा खाजगी पैशातून उभं केलंय, म्हणजे हौस म्हणून चार चित्रं भिंतीला लावली असा प्रकार नाही. पण एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवून आत जायचं, की सरकारी म्युझियममध्ये समित्या बसतात, ठराव होतात, कोणाचं काय घ्यायचं हे पन्नास वर्षांत पन्नास लोक ठरवतात, आणि इथं मुळात एका माणसाची आवड आहे, तिच्या भोवतीचे जाणकार आहेत, आणि काय बाजारात मिळालं, काय कलाकाराच्या घरच्यांकडून मिळालं, त्यावर संग्रह उभा राहतो. त्यामुळे इथं "सर्बियन कलेचा संपूर्ण इतिहास" शोधू नका. एखाद्या जाणत्या घरच्या दिवाणखान्यात आपण गेलोय आणि त्यांनी जमवलेलं बघतोय, तसं बघा. जास्त मजा येते आणि जास्त कळतंही.

आणि हे म्युझियम का महत्त्वाचं ते कळायला दोन तारखा पुरेत. बेलग्रेडचं नॅशनल म्युझियम २००३ साली दुरुस्तीसाठी बंद झालं ते पूर्ण उघडलं २८ जून २०१८ ला. नदीपलीकडचं सरकारी म्युझियम ऑफ कंटेंपररी आर्ट २००७ ला बंद झालं ते उघडलं २० ऑक्टोबर २०१७ ला. म्हणजे २०१० मध्ये जेव्हा झेप्टर म्युझियमचं दार उघडलं तेव्हा शहरातल्या दोन्ही मोठ्या म्युझियमचे कायमचे संग्रह लोकांना बघायलाच मिळत नव्हते. त्या काळात शाळा कॉलेजात असलेल्या बेलग्रेडच्या एका अख्ख्या पिढीने स्वतःच्या देशातली आधुनिक चित्रं समोरासमोर उभं राहून कुठं बघायची होती? मला ही गोष्ट कळली तेव्हापासून ४२ नंबरच्या त्या दाराकडे मी वेगळ्या नजरेने बघते.

आता तयारी. जाण्याच्या आदल्या दिवशी एकच काम मनापासून करायचं, ते म्हणजे आत सध्या काय चालू आहे ते बघून घ्यायचं. खाजगी म्युझियममध्ये जागा मर्यादित असते, संग्रहातलं सगळं एका वेळी भिंतीवर मावत नाही, चित्रं बदलत राहतात, आणि मधेच एखादं तात्पुरतं प्रदर्शन लागलं की कायमच्या संग्रहातल्या काही खोल्या त्याला दिल्या जातात. सर्बियनमध्ये तात्पुरत्या प्रदर्शनाला म्हणतात "इझ्लोझ्बा" आणि कायमच्या मांडणीला "स्ताल्ना पोस्तावका". हे दुसरे दोन शब्द पाठ करून ठेवा, फोनवर किंवा तिकिटाच्या टेबलावर एवढंच विचारलंत तरी समोरचा माणूस काय ते सांगतो. एखाद्या ठराविक चित्रकारासाठीच जाणार असाल तर आधी मेल करून विचारा की त्याचं काही भिंतीवर आहे का. वेळा पण त्याच मेलमध्ये विचारून घ्या, सोमवार तर टाळाच कारण तो तिथल्या बहुतेक म्युझियमवाल्यांचा सुट्टीचा वार, आणि १-२ जानेवारी, ७ जानेवारीचा ऑर्थोडॉक्स ख्रिसमस, १५-१६ फेब्रुवारी, आणि ऑर्थोडॉक्स ईस्टर (हा बरेचदा आपल्याला माहीत असलेल्या ईस्टरपेक्षा वेगळ्या तारखेला येतो) ह्या दिवशी बेलग्रेडमध्ये बरंच काही बंद असतं.

प्रवासाचं थोडक्यात सांगते कारण ते सगळीकडे मिळतं. १ जानेवारी २०२३ पासून भारतीय पासपोर्टवर सर्बियाला व्हिसा लागतो, आधी तीस दिवस विनाव्हिसा जाता यायचं ते बंद झालं, मात्र तुमच्याकडे चालू शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेचा व्हिसा असेल तर वेगळा काढावा लागत नाही, तरी निघायच्या आधी नियम एकदा बघूनच घ्या. विमानतळाचं नाव निकोला टेस्ला, तिथून ७२ नंबरची बस झेलेनी व्हेनाट्स ह्या भागात आणून सोडते, आणि तिथून क्नेझ मिहाइलोवा चालत पाचदहा मिनिटं, थोडा चढ आहे एवढंच. १ जानेवारी २०२५ पासून बेलग्रेडच्या शहर बसेस, ट्राम आणि ट्रॉलीबस फुकट आहेत. खर्चाला दिनार लागतात, एका युरोला साधारण ११७ दिनार, आणि दुकानात युरो चालत नाहीत, "मेन्याच्नित्सा" असा बोर्ड दिसला की ते पैसे बदलायचं दुकान. थोडे सुटे दिनार खिशात असू द्या, कार्ड सगळीकडेच चालेल ह्या भरवशावर राहू नका. घरी कोणाकडे उतरणार असाल तर २४ तासांत पोलिसांकडे पत्त्याची नोंद करावी लागते, हॉटेलात उतरलात तर हॉटेलवाले करतात.

लिपीचं मात्र जरा नीट सांगते, कारण म्युझियममध्ये ते पदोपदी कामाला येतं. सर्बियन भाषा दोन लिपीत लिहितात, रोमनमध्येही आणि सिरिलिकमध्येही, आणि रस्त्यावर दोन्ही मिसळून दिसतात. सिरिलिकमध्ये इंग्रजी पी सारखं दिसणारं अक्षर म्हणजे "र", सी सारखं ते "स", बी सारखं ते "व", एच सारखं ते "न", आणि एक्स सारखं ते "ह". एवढी पाच लक्षात राहिली तरी निम्म्या पाट्या वाचता येतात. आणि आपल्यासाठी आनंदाची गोष्ट अशी की सर्बियन जसं बोलतात तसंच लिहितात, एका अक्षराला एकच आवाज, एकोणिसाव्या शतकात वुक काराजिच ह्या माणसाने लिपी सुधारताना हाच नियम लावला, त्यामुळे देवनागरीची सवय असलेल्या माणसाला हे फार पटकन जमतं, इंग्रजीवाल्यांची जी धडपड होते ती आपली होत नाही.

लेबलवर कायम येणारे शब्द सांगून ठेवते. "उल्ये ना प्लात्नु" म्हणजे कॅनव्हासवर तैलरंग. "कोंबिनोवाना तेह्निका" म्हणजे मिश्र माध्यम, हे दिसलं की चित्राच्या जवळ जाऊन बघायचं, कारण त्यात वाळू, कापड, पत्रा, काहीही असू शकतं. "बेझ नाझिवा" म्हणजे शीर्षक नाही. "ओको" आणि पुढे साल असेल तर "त्या सुमाराला", म्हणजे नक्की साल ठरलेलं नाही. आणि माझा आवडता शब्द "म्र्त्वा प्रिरोदा", म्हणजे स्टिल लाइफ, टेबलावरची फळं, बाटल्या वगैरे. "म्र्त्वा" मध्ये आपला "मृत" सरळ ऐकू येतो ना? तसंच तिकीट मागताना दोन म्हणजे "द्वे" आणि तीन म्हणजे "त्रि", "त्रि कार्ते मोलिम" म्हटलं की तीन तिकिटं मिळाली. आपल्या शाळेतल्या संस्कृतचा असा उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

ह्याच्या पुढे जे लिहितेय ते खरं महत्त्वाचं, म्हणजे आत गेल्यावर बघायचं कसं.

थोडा इतिहास घेतल्याशिवाय हा संग्रह उघडत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियात (सर्बिया तेव्हा ह्याच देशाचा भाग होता आणि बेलग्रेड राजधानी) कम्युनिस्ट सरकार आलं आणि पहिली काही वर्षं सोव्हिएत धर्तीची चित्रं काढायची सक्ती होती, कामगार, शेतकरी, बांधकाम, झेंडे, ह्याला समाजवादी वास्तववाद म्हणतात. १९४८ ला युगोस्लाव्हियाचा नेता टिटो आणि सोव्हिएत नेता स्टालिन ह्यांचं फाटलं. त्यानंतर हळूहळू ही सक्ती सैल झाली, आणि १९५१ साली पेतार लुबार्दा ह्या चित्रकाराने बेलग्रेडमध्ये जे प्रदर्शन भरवलं ते तिथल्या कलेच्या इतिहासात सरळ रेषा मारल्यासारखं मानतात, ह्याच्या आधीचं आणि ह्याच्या नंतरचं. म्हणून आत गेलात की लेबलवरचं साल आधी बघायची सवय लावा. १९४५ ते १९५० मधलं एखादं चित्र आणि १९५५ मधलं एखादं चित्र शेजारी ठेवून बघितलंत तर मधे काय घडलं ते डोळ्यांना दिसतं, वाचायची गरज पडत नाही. आणि हाच देश १९६१ ला बेलग्रेडमध्ये अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरवतो, नेहरू तिथं होते, म्हणजे रशियाच्याही गोटात नाही आणि अमेरिकेच्याही नाही असा जो मधला रस्ता त्यांनी धरला होता त्याच मोकळ्या जागेत ही चित्रं झालीत. पूर्व युरोपातल्या इतर बऱ्याच देशांतल्या चित्रकारांना तेव्हा हे असं उघड करता येत नव्हतं.

माझी पद्धत अशी आहे. पहिली फेरी फक्त वीस मिनिटांची, एकही लेबल वाचायचं नाही, फोन पिशवीत, नुसतं चालायचं, आणि कुठं पाय थांबतो एवढं लक्षात ठेवायचं. दुसऱ्या फेरीत फक्त पाच कामं निवडायची आणि प्रत्येकासमोर कमीत कमी दहा मिनिटं उभं राहायचं, तेव्हा लेबल, तेव्हा वही, तेव्हा फोटो (काढू देतात का ते विचारून, आणि फ्लॅश कधीच नाही). सगळं बघायच्या नादात माणसं प्रत्येक चित्राला सात सेकंद देतात आणि बाहेर येऊन म्हणतात मॉडर्न आर्ट मला कळत नाही. कळायला वेळ दिलाच नाही तर कुठून कळणार! म्युझियम लहान आहे हा त्याचा मोठा गुण आहे, दोन तास हातात ठेवलेत तर हे सगळं आरामात होतं.

कोणाकडे बघायचं, तर लुबार्दापासून सुरुवात करा, जर तेव्हा भिंतीवर असेल तर. हा १९०७ चा, माँटेनेग्रोतल्या डोंगराळ भागातला, आणि त्याच्या चित्रात दगड, घोडे, लढाया असं काहीतरी असतं पण ते ओळखीचं राहत नाही, नुसत्या जोरकस रेषा आणि रंगाचे मोठे तुकडे होऊन जातात. त्याच्यासमोर उभं राहून आधी जवळ जा, मग पाच पावलं मागे या, परत जवळ जा. लांबून हालचाल दिसते, जवळून हात कसा फिरला ते दिसतं. ह्याचंच कोसोव्होच्या लढाईवरचं १९५३ चं प्रचंड मोठं चित्र बेलग्रेडच्या नवीन राजवाड्यात आहे, पण ती सरकारी कचेरी असल्यामुळे आपल्याला सहज बघायला मिळत नाही, म्हणून म्युझियममधला लुबार्दा सोडायचा नाही.

मिलान कोन्योविच (१८९८ ते १९९३) हा एकदम वेगळा, उत्तरेतल्या सोंबोर गावचा, पॅरिसला बरीच वर्षं राहून १९३२ ला गावी परत आला आणि मग तिथली सपाट शेतं, गल्ल्या, लोक असल्या रंगात रंगवले की बघून अंगात ऊब येते. ह्याच्या बाबतीत एक खेळ करता येतो. त्याच्या कामाचे टप्पे रंगावरून ओळखले जातात, १९२९ ते ३३ निळा, १९३४ ते ४० लाल, युद्धानंतर १९५२ पर्यंत राखाडी, १९५३ पासून भडक शुद्ध रंगांचा, आणि अगदी म्हातारपणी बायझंटाइन, म्हणजे जुन्या ऑर्थोडॉक्स चर्चमधल्या चित्रांच्या धाटणीचा. तर लेबल झाकून आधी चित्र बघायचं, टप्पा ओळखायचा, मग साल बघायचं. मुलांना घेऊन गेलात तर हे नक्की करा, दोन चित्रांतच त्यांना जमायला लागतं.

मग १९५५ ते १९६० चा डिसेंबर गट. मिओद्राग बी. प्रोतिच, स्तोयान चेलिच, लाझार वोझारेविच आणि त्यांचे सोबती. पहिल्या नजरेला हे थंड वाटतात, मोजूनमापून केलेले आकार, सपाट रंग, म्हणून लोक पटकन पुढे जातात. पण वोझारेविचकडे थांबा जरा, सर्बियन मठांमधली जुनी भित्तिचित्रं आणि आयकॉन्स (लाकडी फळीवरची संतांची चित्रं) ह्याने किती पचवलेत ते त्या ठाम बाह्यरेषांत दिसतं. आणि प्रोतिच नुसता चित्रकार नव्हता, म्युझियम ऑफ कंटेंपररी आर्टचा तो संस्थापक आणि पहिला संचालक, म्हणजे त्याने स्वतः चित्रं काढली आणि बाकीच्यांची चित्रं टिकावीत म्हणून घरही बांधवलं. अशी माणसं सगळ्याच देशांना हवी असतात.

ह्याच सुमाराला दुसरीकडे काही चित्रकार कॅनव्हासवर वाळू, डांबर, गोणपाट थापत होते, त्याला तिथं "एन्फोर्मेल" म्हणतात. मिचा पोपोविच त्यातलं मोठं नाव, पुढे त्याने ते सोडून परदेशी मजुरीला जाणाऱ्या साध्या सर्बियन माणसांची चित्रं काढली आणि १९७४ ला त्याच्या प्रदर्शनावर बंदी आली. वर मोकळीक म्हटलं खरं, पण ती कुठपर्यंत होती तेही ह्यावरून कळतं. ओल्गा येव्रिच ही शिल्पकार मात्र माझी सगळ्यात जवळची. १९२२ चा जन्म, सिमेंट आणि लोखंडी सळया घेऊन काम करणारी बाई, जड जड गोळे आणि ते एकमेकांपासून लांब धरून ठेवणाऱ्या बारीक सळया, १९५८ ला व्हेनिस बिएनाले ह्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाला ही कामं गेली होती. ह्या शिल्पांभोवती फिरा. समोरून बघून निघून जाऊ नका, कारण खरी गोष्ट त्या दोन गोळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत असते आणि ती प्रत्येक पावलागणिक बदलते. काम लहान असलं तरी वजन केवढं वाटतं ते बघा.

आणि मग मेदियाला. हा गट पन्नाशीच्या दशकात जमला, १९५८ ला पहिलं प्रदर्शन, नाव "मेद" म्हणजे मध आणि "आला" म्हणजे लोककथेतला अजस्र राक्षसी सर्प, ह्या दोन शब्दांचं मिळून. आपला "मधु" परत इथं भेटतो. गोडवा आणि भय एकत्र, हेच त्यांच्या चित्रात असतं, सगळे जण अमूर्ताकडे जात असताना हे लोक जुन्या युरोपियन मास्टर्ससारखं बारीक रंगवत होते, पण रंगवत काय होते तर भंगार, राक्षस, स्वप्नं. लेओनिद शेइका हा त्यांचा डोकं चालवणारा, १९३२ ते १९७० एवढंच आयुष्य, शिकला आर्किटेक्चर, आणि त्याच्या सगळ्या विचारात तीन जागा परत परत येतात: उकिरडा, गोदाम आणि किल्ला. वस्तू टाकून दिल्या जातात तो उकिरडा, वस्तू मांडून ठेवतात ते गोदाम, आणि जिथं सगळ्याला अर्थ येतो तो किल्ला. त्याच्या चित्रासमोर वस्तू मोजायला लागा, अक्षरशः मोजा, एक बाटली, दोन डबे, तीन चाकं, तो स्वतःला वस्तूंची वर्गवारी करणारा म्हणवून घ्यायचा, त्यामुळे मोजत मोजत बघणं हीच त्याच्या चित्राची वाट आहे. ओल्या इवान्यित्स्की ही ह्या गटातली बाई, रशियन निर्वासित आईबापांची मुलगी, १९६२ ला शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेली आणि तिथल्या पॉप आर्टचे रंग घेऊन आली. शेइका आणि ओल्या शेजारी असतील तर एकाच गटातली दोन माणसं किती वेगळी असू शकतात ते समोरच दिसेल.

ह्या मंडळींपैकी आणि त्यांच्या आसपासचे तिघं पॅरिसला गेले आणि तिथलेच झाले. दादो (मिओद्राग ज्युरिच) १९५६ ला, ल्युबा पोपोविच १९६३ ला, व्लादिमिर वेलिच्कोविच १९६६ ला. दादोची चित्रं हळू बघा, गोड गुलाबी-निळ्या रंगात सडकी, फाटलेली शरीरं असतात, रंगाने आत ओढून घेतो आणि मग कळतं काय बघतोय ते. वेलिच्कोविचकडे धावणारी माणसं, कुत्रे, उंदीर, कावळे. त्याचा जन्म १९३५ चा, म्हणजे जर्मनांनी बेलग्रेडवर बॉम्ब टाकले आणि शहर ताब्यात घेतलं तेव्हा पाच वर्षांचा पोरगा होता, आणि तेव्हाचं जे डोळ्यांत राहिलं ते आयुष्यभर कॅनव्हासवर येत राहिलं. क्नेझ मिहाइलोवाच्या टोकाला तेराझियेला १७ ऑगस्ट १९४१ ला पाच जणांना दिव्याच्या खांबांना लटकवलं होतं, तिथं आज स्मारकाचा खांब आहे. मी सांगते म्हणून ते स्मारक आधी बघा आणि मग चालत म्युझियमला या. दहा मिनिटांचंही अंतर नाही. वेलिच्कोविचच्या चित्रासमोर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला ते मुद्दाम भडक केलेलं वाटलं होतं, तेराझियेवरून आल्यावर दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा तसं वाटलं नाही. लहान मुलं बरोबर असतील तर मात्र आधी तुम्ही बघून या, मग ठरवा.

वर सांगितलेली सगळी नावं एका दिवशी भिंतीवर मिळतीलच असं समजू नका, चित्रं बदलतात हे मघाशी सांगितलंच. दोनतीन मिळाली तरी वही भरते. आणि संग्रह खाजगी असल्यामुळे आणखी एक काम करा, बाहेर पडायच्या आधी बाकावर बसून लिहा की ह्या माणसांना काय आवडतं असं तुम्हाला दिसलं आणि काय दिसलं नाही. फोटोग्राफी किती होती? परफॉर्मन्स (कलाकार स्वतः लोकांसमोर काही करतो ती कला) किंवा व्हिडिओ होता का? १९७० च्या दशकात बेलग्रेडच्या स्टुडंट कल्चरल सेंटरमध्ये मरिना अब्रामोविच आणि तिच्या पिढीने स्वतःचं शरीरच माध्यम केलं, १९७४ ला तिने तिथं पेटत्या ताऱ्याच्या मधे झोपून जे केलं ते जगभर माहीत आहे, मग त्या पिढीची काही खूण इथं सापडली का? हे प्रश्न उणं काढायला म्हणून विचारायचे नाहीत. पुढच्या म्युझियमला काय शोधायचं त्याची यादी अशी आपोआप तयार होते.

पुढचं म्युझियम त्याच दिवशी करू नका एवढं ऐका. डोळे थकतात आणि मग सगळं सारखंच दिसायला लागतं. अगदीच राहवलं नाही तर समोरच्या बाजूला ३५ नंबरला सर्बियन अकादमीची गॅलरी आहे, ती छोटी आणि प्रवेश फुकट, नाहीतर सरळ क्राल्या पेत्रा रस्त्यावर प्रश्नचिन्ह हेच नाव असलेल्या जुन्या काफानामध्ये, म्हणजे तिथल्या पारंपरिक खानावळीत, बसा, कॉफी घ्या, वही वाचा.

दुसऱ्या दिवशी नॅशनल म्युझियम, तिथं ह्या सगळ्याच्या आधीचे लोक, नादेझ्दा पेत्रोविच आणि सावा शुमानोविचसाठी वेळ ठेवा. तिसऱ्या दिवशी पूल ओलांडून उश्चे ह्या भागात म्युझियम ऑफ कंटेंपररी आर्ट, १९६५ ची इमारत, इवान अँटिच आणि इवांका रास्पोपोविच ह्या दोघांनी बांधलेली, बाहेरून स्फटिकांचा पुंजका ठेवल्यासारखी दिसते आणि आतून मजले अर्धे अर्धे चढत जातात. तिथं सुट्टी मंगळवारी असते, सोमवारी नाही, त्यामुळे सोमवार तिथं घालवता येतो. शुमानोविचचं १९२७ चं "पियाना लाजा", म्हणजे झिंगलेलं जहाज, ह्याच म्युझियमचं आहे.

आणखी एक दिवस असेल तर नोवी साद हे शहर. तिथं पाव्ले बेल्यान्स्की ह्या राजनैतिक अधिकाऱ्याने आयुष्यभर जमवलेला संग्रह आहे, १९५७ ला त्याने तो देशाला देऊन टाकला आणि १९६१ ला त्यासाठी स्वतंत्र इमारत उघडली. एका माणसाची आवड सार्वजनिक झाली की ती कशी दिसते ते झेप्टर म्युझियमच्या नंतर लगेच बघण्यासारखं आहे, शिवाय ह्यात विसाव्या शतकाचा पहिला अर्धा आहे, म्हणजे दोन्ही जोडले की साखळी पुरी होते. बेलग्रेडहून वेगवान गाडी २०२२ पासून आहे, पाऊणएक तासात पोचवते, फक्त ती नेमकी कुठल्या स्टेशनपर्यंत जाते ते तिकीट काढतानाच विचारून घ्या. आणि ज्यांना खाजगी म्युझियमचाच नाद लागला असेल त्यांनी डॅन्यूबच्या काठावरच्या नोवी बानोव्त्सी गावातलं मात्सुरा म्युझियम बघावं, तिथं १९२० च्या दशकातल्या झेनित मासिकाच्या भोवतीचे बंडखोर लोक आहेत, पण तिथं आधी कळवून, वेळ ठरवूनच जायचं.

हो, आणि २०० दिनारची नोट हातात आली की खर्च करायच्या आधी नीट बघा. तिच्यावर नादेझ्दा पेत्रोविच आहे, १८७३ ची चित्रकार, युद्धात परिचारिका म्हणून काम करता करता १९१५ ला वाल्येवोच्या इस्पितळात टायफसने गेली. एक नोट वहीत ठेवून द्या आणि नॅशनल म्युझियममध्ये तिच्या चित्रासमोर उभे राहाल तेव्हा बाहेर काढा.